अर्धीच विकली जाणारी करवत

चेनसॉनं, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीनं, जखमी झालेल्या माणसाला "कसं झालं?" म्हणून विचारलं की हकीकत बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होते. "आता काय, एकच फांदी राहिली होती." एका फांदीसाठी हेल्मेट कोण घालणार? ती जाडजूड पँट कोण चढवणार? भेटायला आलेली मंडळी बाहेर जाऊन जो निकाल देतात तोही ठरलेला असतो. "निष्काळजीपणा, दुसरं काय!" एवढं म्हटलं की विषय मिटतो. चूक त्याची, भोग त्याचा.

विषय तिथंच मिटवणं सगळ्यांच्या सोयीचं आहे. ज्याचा पाय फाटला तो सोडून. ज्यानं यंत्र बनवलं, ज्यानं विकलं, ज्यानं भाड्यानं दिलं आणि ज्यानं ते मजुराच्या हाती देऊन "संध्याकाळपर्यंत एवढं उरकून टाक" म्हणून सांगितलं, ते सगळे या एका शब्दाच्या आडोशाला उभे राहतात. माझं म्हणणं सरळ आहे. संरक्षक पँट, जाळीचं हेल्मेट, कानावरचे मफ आणि बूट हा चेनसॉचाच भाग आहे, जशी चेन आणि ती जिच्या कडेनं धावते ती लांब पट्टी, म्हणजे बार, हा तिचा भाग आहे. त्यांच्याशिवाय यंत्र विकता कामा नये, भाड्यानं देता कामा नये, आणि त्यांचे पैसे मजुरीतून कापता कामा नयेत.

हे टोकाचं वाटेल. म्हणून आधी ही साखळी नेमकं करते काय, ते बघू.

पूर्ण थ्रॉटलवर चेन सेकंदाला वीस ते तीस मीटर धावते. २८ मीटर धरले तर तो वेग ताशी शंभर किलोमीटर होतो. पण मला वेगापेक्षा दाताची धास्ती जास्त वाटते. लोक समजतात की चेनला सुरीसारखी धार असते. तसं नाही. चेनचा दात सुताराच्या रंध्यासारखा काम करतो: पुढचा छोटा उंचवटा किती खोल जायचं ते ठरवतो आणि मागची वाकडी धार तेवढा तुकडा खरवडून बाहेर फेकते. अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी बघितली. ती डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती. त्यावरून त्याला दाताचा हा घाट सुचला, आणि आजच्या बहुतेक चेन त्याच कुळातल्या आहेत. लाकडात हा दात सहा-सात मिलिमीटर रुंद खाच पाडतो आणि खाचेतला भुसा बाहेर टाकतो.

मांडीतही तो तेच करतो. म्हणून चेनसॉची जखम कापल्यासारखी नसते. सुरीनं कापलं तर दोन कडा राहतात, त्या जुळवून शिवता येतात. इथं मधलं मांसच गेलेलं असतं, कडा चिंध्या झालेल्या असतात आणि आत चेनचं तेल, भुसा, पँटचे धागे भरलेले असतात. स्नायूबंधाची तुटलेली टोकं आत ओढली गेलेली असतात, ती आधी शोधावी लागतात. मांडीच्या आतल्या बाजूनं जाणारी मोठी धमनी सापडली तर काही मिनिटांतच सगळं आटोपतं. एक कडवट गंमत अशी की साखळीच्या करवतीचा जन्मच मुळी वैद्यांच्या हातात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला हातानं ओढायची दातेरी साखळी वापरली होती. ती नाजूक होती, बारीक होती. तिचा हा धटिंगण वारसदार पुढं झाडांकडे वळला.

आता "लक्ष ठेवून काम करा" या सल्ल्याकडे येऊ. हा सल्ला मीही दिलाय, आणि तो चुकीचा नाही. पण चेनसॉचा सगळ्यात घातक अपघात असा आहे की तिथं लक्ष असून भागत नाही. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कुठल्याही कठीण वस्तूला टेकला, पलीकडच्या फांदीला, खालच्या ओंडक्याला, की दात पुढं जायला जागा न मिळाल्यानं सगळा जोर बारवरच उलटतो. बार वर उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, मानेकडे, खांद्याकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाव हिस्सा तरी लागतो. झटका त्याच्या आत येऊन गेलेला असतो. म्हणजे तुम्ही कितीही जागरूक असा, झटका कळतो तो बसल्यावरच.

यंत्र बनवणाऱ्यांना हे पन्नास वर्षांपूर्वीच उमगलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चेन ब्रेक येऊ लागला. पुढच्या मुठीसमोर जी उभी ढाल दिसते, ती मनगटाच्या धक्क्यानं किंवा झटक्याच्याच जोरानं पुढं ढकलली जाते आणि साखळी सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात जागच्या जागी थांबते. हा ब्रेक म्हणजे कारखान्यानं दिलेली कबुलीच आहे, की माणूस इथं वेळेत काही करू शकत नाही, त्याच्यासाठी यंत्रानंच करायला हवं. आणि हा ब्रेक घ्यायचा की नाही असं दुकानात कुणी विचारत नाही. तो यंत्राला जडलेलाच येतो. त्याची किंमत यंत्राच्या किमतीत मिसळलेली असते, ती कुणाला टोचत नाही.

मग पँटच तेवढी वेगळ्या खुंटीवर का?

त्या पँटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती कशी वाचवते हे ती वापरणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. लोकांना वाटतं आत पत्रा किंवा चिलखतासारखं काहीतरी असणार. मी एकदा फाटलेली पँट उलटी करून तिचं अस्तर उसवून बघितलं. आत कापसाच्या पेळूसारखे पांढरे, लांबच लांब, गुळगुळीत धागे एकावर एक थरांनी पसरलेले होते. ते घट्ट विणलेले नसतात, आणि मुद्दामच नसतात. चेन वरचं कापड फाडून आत शिरली की हे धागे तिच्या दातांत अडकतात, सरसर ओढले जातात, बारवरून मागं जाऊन चेन फिरवणाऱ्या चाकात गुंडाळले जातात आणि चाक ठप्प होतं. पँट चेनला अडवत नाही, तिचा घसा भरते. धागा सैल असेल, मोकळा ओढला जाईल, तरच हे घडतं. हे लक्षात राहू द्या, पुढं त्याचं काम आहे.

या पँटचे वर्गही चेनच्या वेगावरून ठरतात. आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. रचनाही विचारपूर्वक केलेली असते. सगळ्यात साध्या प्रकारात दोन्ही पायांची पुढची बाजू झाकलेली असते, आणि वर उजव्या पायाची आतली बाजू व डाव्या पायाची बाहेरची बाजू पाच-पाच सेंटिमीटर जास्त. दोन्ही वाढीव पट्ट्या डावीकडेच का? कारण चेनसॉ सगळ्यांनी, डावखुऱ्यांनीसुद्धा, उजवा हात मागं आणि डावा पुढं ठेवूनच धरायची असते. काप संपला की यंत्र आपल्याच वजनानं खाली येतं आणि डाव्या मांडीच्या, डाव्या गुडघ्याच्या वाटेवर असतं.

माझंही तसंच झालं. ओंडका कापून झाला, मी ट्रिगर सोडला आणि पुढच्या ओंडक्याकडे पाऊल टाकलं. ट्रिगर सोडला तरी चेन क्षणभर फिरत राहते. तेवढ्यात डावा गुडघा तिला लागला. आवाज एकदम बसला, इंजिन गचका खाऊन बंद पडलं. खाली बघितलं तर पँटीला तळहाताएवढं भोक आणि त्यातून पांढरा गुंता बाहेर आलेला, अर्धा माझ्या गुडघ्यावर, अर्धा यंत्राच्या पोटात. पायावर फक्त एक लाल वळ होता. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक माझ्या शिस्तीचं कौतुक करतात, म्हणून खरं सांगून टाकतो. त्या दिवशी मी ती पँट घातली होती कारण थंडी होती. आधीचे काही दिवस उकाडा होता आणि ती पँट खुंटीला होती. माझा गुडघा हवामानानं वाचवला.

एवढ्यानंतर मला 'निष्काळजीपणा' हा शब्द कुणाबद्दलही सहज वापरवत नाही. ज्याला सगळं माहीत आहे, ज्याच्याकडे वस्तू आहे, तोसुद्धा ती घालेल की नाही हे उकाड्यावर ठरत असेल, तर ज्याला ती कुणी दिलीच नाही त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

आता आकडे. अमेरिकेत २००९ ते २०१३ या पाच वर्षांत चेनसॉच्या सुमारे १ लाख १६ हजार जखमा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आल्या, असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला साधारण तेवीस हजार. त्यातल्या ८० टक्के जखमा फाटण्या-कापण्याच्या होत्या आणि सगळ्यात जास्त मार बसला होता तो हाताला, बोटांना आणि गुडघ्याला. हाताचा भाग अवघड आहे. हातमोजे थोडी मदत करतात, पण हात खऱ्या अर्थानं वाचतो तो दोन्ही मुठी धरलेल्या असतील तरच. गुडघ्याचं मात्र तसं नाही. त्यावर उत्तर तयार आहे, शिवलेलं आहे, दुकानात टांगलेलं आहे. उत्तर असताना झालेली जखम आणि उत्तरच नसताना झालेली जखम यांत मी फरक करतो, आणि पहिलीचा जाब फक्त जखमी माणसाला विचारणं मला पटत नाही.

याला आक्षेप अनेक आहेत, आणि ते सगळे फालतू नाहीत.

उकाड्याचा आक्षेप खरा आहे. ही पँट जड असते, आत हवा खेळत नाही. भर उन्हात दिवसभर ती घालून उतारावर चढ-उतार करणारा माणूस थकतो, आणि थकलेला माणूस चुका करतो. कार्यालयात बसून "पँट घालाच" असं फर्मान काढणाऱ्यांनी एक दुपार ती घालून बघावी. पण यावरून निघतं काय? हलकी, मागून मोकळी असलेली पँट द्या, नुसतं पुढून बांधायचं आवरण द्या, कामाच्या वेळा बदला, विश्रांती द्या. यातलं काहीही मजूर स्वतः करू शकत नाही. ते काम देणाऱ्यालाच करता येतं.

दुसरा आक्षेप जरा विद्वान आहे: संरक्षण मिळालं की माणूस जास्त बेफिकीर होतो. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७५ साली मोटारींच्या सुरक्षा नियमांबद्दल हेच म्हटलं होतं, आणि तेव्हापासून हा मुद्दा प्रत्येक हेल्मेटवर येऊन आदळतो. काही प्रमाणात तसं होतही असेल. पण चेनसॉ चालवणाऱ्या माणसाला पँट घातल्यावर आपण अमर झालो असं वाटतं, हे मला तरी कधी दिसलेलं नाही. उलट ती चढवताना, हेल्मेटची जाळी खाली ओढताना, मफ कानावर बसवताना जे अर्धं मिनिट जातं, त्यात कामाची गाठ मनात बसते. "एकच फांदी" म्हणून घाईनं यंत्र सुरू करायची दोरी ओढणारा आणि हे सगळं घालून उभा राहिलेला, यांतला बेफिकीर कोण ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. झाड तोडताना जीव जातो तो बहुधा चेननं नाही, झाडानं. अमेरिकेत २०२२ साली दर एक लाख पूर्णवेळ लाकूडतोड कामगारांमागे जवळजवळ १०१ जण कामावर दगावले. सगळ्या धंद्यांची मिळून सरासरी होती ३.७. यातले बहुतेक पडणाऱ्या खोडाखाली किंवा वरून सुटलेल्या फांदीखाली सापडतात. कुठल्याही पँटनं ते वाचणार नाहीत, आणि मोठं खोड अंगावर आलं तर हेल्मेटनंही नाही. झाड कुठं पडेल ते ओळखायला शिकणं, पडण्याच्या दिशेच्या मागं पळायला तिरकी वाट आधी मोकळी करून ठेवणं, जवळ दुसरा माणूस असणं, याला पर्याय नाही. विजेच्या चेनसॉ तर या पँटलाही पुऱ्या दाद देत नाहीत, कारण त्यांची मोटर धागे अडकले तरी जोर लावत राहते. कबूल. संरक्षक साधनांची जागा शेवटचीच आहे. पण आधीची सगळी भिंत कोसळली तर माणूस आणि साखळी यांच्यामध्ये तीच उरते, आणि चेनचा घाव तिथंच अडतो.

आणखी एक गोष्ट, जी जखमांच्या आकड्यांत येतच नाही. चेनसॉचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १००ला उरतात पंधरा मिनिटं, ११०च्या आसपास दोनसुद्धा नाहीत. या कानांतून रक्त येत नाही, फक्त काही वर्षांनी नातवंडांचं बोलणं ऐकू येत नाही. तीच गत बोटांची. कंपनानं बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, गारठ्यात बोटं खडूसारखी पांढरी पडतात, शर्टाचं बटण लागत नाही. अमेरिकन डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली दगड घडवणाऱ्यांच्या हातांत हे बघून लिहून ठेवलं होतं. चेनसॉच्या मुठी रबरावर, स्प्रिंगवर बसवायची पद्धत रुळायला त्यानंतर अर्धं शतक गेलं. इथंही तेच बघा: कंपनाचा उपाय यंत्रात बसला, तो आपोआप सगळ्यांना मिळतो. आवाजाचा उपाय वेगळा विकला जातो, तो ज्याला परवडेल आणि सुचेल त्याला मिळतो.

कायद्यात हे नवीन नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५व्या कराराचं एकविसावं कलम एका ओळीचं आहे: कामावरच्या सुरक्षेच्या उपायांचा कसलाही खर्च कामगारावर पडता कामा नये. अमेरिकेत १९९५पासून लाकूडतोडीच्या कामात पायांचं संरक्षण मालकानं स्वतःच्या खर्चानं द्यायचं असतं. बुटांना मात्र त्यातून वगळलंय. बूट माणूस इतरत्रही घालतो, असा बहुधा त्यामागचा विचार असावा. झाडतोडीचे जड बूट घालून कुणी लग्नाला गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण हे सगळे नियम मालक आणि कामगार असं पक्कं नातं असेल तिथं लागू होतात. प्रत्यक्षात चेनसॉ असते कुणाच्या हातात? रोजावर आलेल्याच्या, स्वतःचं यंत्र घेऊन फिरणाऱ्याच्या, एका दिवसासाठी भाड्यानं आणणाऱ्याच्या, वादळात पडलेलं झाड दारातून बाजूला करणाऱ्याच्या. यांचा मालक कोण? कुणीच नाही. म्हणून बंधन विक्रीच्या आणि भाड्याच्या जागी हवं. यंत्र जातं तिथून पँट आणि हेल्मेट त्याच पावतीवर गेलं पाहिजे. भाड्याचं असेल तर दोन्ही परत घ्यावीत, तपासावीत, कापलेली असतील तर बाद करावीत. ज्याच्याकडे आधीच आहेत त्यानं दाखवावीत आणि पैसे वाचवावेत. किंमत वाढेल हे खरं, पण आज जी कमी किंमत दिसते ती अर्ध्या वस्तूची आहे. उरलेली अर्धी किंमत रुग्णालयात मोजली जाते आणि ती मोजणारा वेगळाच असतो. सूचनापुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हेल्मेट, मफ, बूट, पँट घातलेल्या माणसाचं चित्र छापून जबाबदारी उरकणारे कारखाने मला प्रामाणिक वाटत नाहीत. चित्रातला माणूस सुरक्षित आहे, छान आहे. खोक्यात मात्र यंत्र एकटंच येतं.

मजुरीतून पैसे कापले की काय होतं, ते मी बघितलंय. माझ्या त्या गुडघ्याच्या प्रसंगानंतर मी पँट टाकून दिली, कारण एकदा धागे ओढले गेले की ती पुन्हा वाचवत नाही. बरोबर काम करणाऱ्या एकाच्या पँटीलाही पुढं तसंच भोक पडलं होतं. दोन दिवसांनी तो तीच पँट घालून आला. भोकावर आतून-बाहेरून धरून, सगळे थर घेऊन, जाड दोऱ्यानं बारीक, घट्ट टाके घातलेले. धागे जागच्या जागी गच्च शिवून टाकले होते.

"अहो दादा, ही आता काही उपयोगाची नाही," मी म्हटलं.

"नवीनचे पैसे पगारातून कापतात," तो म्हणाला. मग गुडघ्यावर थाप मारून, "बघा की, आधीपेक्षा मजबूत झालीय."

आणि त्यानं दोरी ओढली.